झुलीखालच्या गाठी

खंडाळा,
रविवार, १ जून २०२५

तात्या,

तुम्हाला आणि शालूकाकूंना वाकून नमस्कार. आई म्हणते, तात्यांना लिहिताना आधी खुशाली लिहावी, मग तुझं विज्ञान पाजळावं. तर मी खुशाल आहे, आई सांगलीत खुशाल आहे, आणि आता मला पाजळू द्या. अप्पा असते तर हे आधी त्यांना सांगितलं असतं. ते नाहीत, म्हणून त्यांच्या दोस्ताला सांगते. फोन केला तर काकू तुमच्याकडे तोंड करून 'बरी हाय म्हणं' एवढंच ओरडतील आणि तेही तुम्हाला ऐकू येणार नाही. तोफखान्यात अठरा वर्षं काढून तुम्ही कान तिथेच ठेवून आलात, त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत अजून पत्र लिहिणारी मी एकटीच उरले आहे.

मी गायीच्या पेशी वाढवते हे तुम्हाला माहीत आहे. प्लास्टिकच्या छोट्या बशीच्या तळाला त्या सायीसारख्या धरतात. त्यांच्यावर लंपीचा विषाणू सोडला की तो पेशीत शिरतो, तिच्याच घरातलं सामान वापरून स्वतःच्या प्रती काढतो आणि पेशी मरते. सहा दिवसांनी बशीत जांभळा रंग ओतायचा. जिवंत पेशी रंग धरतात, मेलेल्यांच्या जागी पांढरी भोकं दिसतात. दोन वर्षं मी ही भोकंच बघतेय.

या खेपेला मी पेशींना आधी इंटरफेरॉन दिलं. ते काही बाहेरचं नाही. विषाणू शिरलेली पेशी ते स्वतःच बनवते आणि बाहेर सोडते. स्वतःला वाचवायला नव्हे, ती बहुतेक मरतेच. शेजारणींना कळवायला. शेजारच्या पेशीला ते लागलं की ती आतलं प्रती काढायचं यंत्रच बंद करून बसते. मग विषाणू आत आला तरी त्याला तिथे काही करता येत नाही. शुक्रवारी बशी रंगवली. दोन-तीन बारीक भोकं सोडली तर अख्खी बशी जांभळी! मी ती हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे, मॅडमनी येऊन विचारलं, काय गं, रडतेस का.

रडत होतेच. जनावर न मरता लंपी थांबवायचा असं मी अप्पांना म्हणाले होते, आणि ते हसले होते.

एक काम करा. आपल्या चित्र्याला लस दिली नसेल तर लगेच द्या. या पावसाळ्यात लंपी परत डोकं काढणार असं इथले सगळे म्हणतायत. अप्पांनी तुम्हाला दिलेल्या कालवडीचा तो नातू, लहानपणी माझ्या हातचा गूळ खाल्लेला. त्याच्या बाबतीत चालढकल नको.

तुमची,
सन्मती

*

खोतवस्ती, इस्लामपूरजवळ
९ जून २०२५

सन्मती बाळ,

आशीर्वाद. पत्र मिळालं. तुझा बाप पाणी गाळून प्यायचा, मुंगीला वळसा घालून जायचा, आणि तू लंपीचे जंतू बशीत पाळतेस. श्रेणिक वर बसून काय म्हणत असेल ते तूच ऐक, माझे कान गेलेत.

पण पोरी, ऊर भरून आला. पत्र तीनदा वाचलं. मग चौकात पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो जरा चढतो, म्हणजे पलीकडच्या वस्तीनंही ऐकलं असणार. मनुबाई सगळ्यात पुढे बसली होती. आमच्या शेजारची, तुझ्या ओळखीची आहे. नवरा गेल्यापासून एका गायीवर घर चालवते. मागच्या लंपीत तिची पहिली गाय गेली, तेव्हापासून साथीचं नाव काढलं की ती उठून गायीकडे जाते. मी तिला सांगितलं, आता घाबरायचं कारण नाही, श्रेणिकच्या पोरीनं औषध काढलंय. तिनं काहीतरी विचारलं. मी खिशातली वही शालूपुढे केली, कारण मनुबाईला लिहिता येत नाही. शालूनं लिहिलं : 'ती म्हनती, बाटली कवा मिळंल?' मी म्हटलं, मिळेल, आपल्या घरचीच पोरगी आहे.

लसीचं म्हणशील तर डॉक्टर येऊन गेले. मीच म्हटलं, बेंदूर झाल्यावर. लस टोचली की मानेवर सुपारीएवढी सूज येते, आठ-आठ दिवस राहते. आमच्या वस्तीत बेंदराचा पहिला मान आमच्या दावणीचा आहे, तुला ठाऊक आहे. चित्र्या पुढे, बाकी बैल मागे. तो घरोघरी जातो, प्रत्येक बाई त्याला ओवाळून पुरणाचा घास देते, आणि मग वेशीत आडव्या बांधलेल्या तोरणाचा कर तोच तोडतो. आजोबापासून चाललंय. त्याच्या अंगावर सूज बघून लोक काय म्हणतील? महिन्याचा तर प्रश्न आहे. आणि आता तुझं औषध आहेच.

आमच्या पोराचं, वीरधवलचं पत्र नाही, फोन असतो. शालू बोलते, मी तिचं तोंड बघतो. सीमेवर गारठा आहे म्हणाला असं तिनं लिहिलं.

तुझा तात्या,
नाथाजी

*

खंडाळा,
१७ जून २०२५

तात्या,

पारावर वाचलंत? मला वाटलं होतं तुम्ही एकटेच वाचाल. बरं, झालं ते झालं, पण त्याला औषध म्हणू नका एवढ्यात. बशीतल्या पेशी म्हणजे गाय नव्हे. अजून बरंच काम आहे. दिवाळीनंतर कदाचित काही ठोस सांगता येईल. मनुबाईंना तेवढं समजावा, त्यांच्या गायीला लस मात्र आत्ताच द्यायला लावा.

विषाणू किती लबाड असतो ते सांगते, तुम्हाला तोफखान्यातलं काहीतरी आठवेल. पेशीनं इंटरफेरॉन सोडलं की शेजारणींच्या अंगावर त्यासाठी कान असतात, असं समजा. तिथे ते येऊन लागलं की निरोप पोचला. हा विषाणू काय करतो, तर तसेच खोटे कान बनवून बाहेर सोडून देतो. निरोप त्या खोट्या कानांनाच चिकटून बसतो. शेजारणीपर्यंत काही जातच नाही. तिला वाटतं, सगळं शांत आहे. मी आधीच भरपूर इंटरफेरॉन दिलं म्हणून बशीत त्याचं काही चाललं नाही.

बाकी कामाचं थोडं इकडे-तिकडे आहे, ते भेटल्यावर. चित्र्याची लस पुढे ढकलू नका ना. सूज आली तर आली. मान काय पळून जातोय?

काकूंना सांगा, मी जेवते. सूर्यास्ताआधी प्रयोगशाळेतून निघणं होत नाही आणि आमच्यात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून डबा साडेपाचलाच तिथे उभ्या उभ्या खाते. आईला हे सांगू नका.

सन्मती

*

खोतवस्ती,
८ जुलै २०२५

सन्मती बाळ,

उद्या बेंदूर. आज खांदेमळणी झाली. सकाळी चित्र्याला ओढ्यावर धुतला, शिंगं तासली, हिंगूळ लावला. संध्याकाळी लोणी आणि हळद घेऊन त्याचे खांदे मळायला बसलो. हळद तुमच्याच दुकानची, तुझ्या आईनं, चंदनबालावहिनींनी एसटीनं पाठवलेली. हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही. कान गेल्यापासून माझे हात जास्त शहाणे झालेत. जनावर दमलंय का, त्याला कुठे दुखतंय, हे बोटांना आधी समजतं.

लिहायला उशीर झाला, कारण कामं होती. मधल्या काळात अर्जुना आला होता, ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा. त्याची गाय चित्र्याला लावायला आणली होती, चोवीस तारखेला. गाय जरा मलूल वाटली. मी विचारलं तर अर्जुनानं वहीत लिहिलं, 'वाटचालीनं दमली हाय.' आपला चित्र्या मात्र झकास. झूल नवी शिवलीय, लाल मखमलीची, आरसे लावून. शालू म्हणते नवरदेव दिसतोय.

एक असंच विचारतो. मनात आलं म्हणून. समज, एखाद्या जनावराच्या वशिंडाखाली हाताला वाटाण्याएवढ्या चार-पाच गाठी लागल्या, अंग थोडं कोमट लागलं, पण खाणं-पिणं चालू आहे. तर तुझं ते औषध तेव्हा दिलं तर किती दिवसांत गाठी बसतात? एका दिवसात बसत असतील का? सवडीनं कळव. घाई नाही.

नाथाजी

*

खंडाळा,
१२ जुलै २०२५

तात्या,

पत्र आत्ता मिळालं. त्या गाठी कुणाच्या अंगावर आहेत?

काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "समदं ब्येस हाय गं बाळ, चित्र्यानं कर तोडला, लय गर्दी हुती." मी विचारलं, चित्र्याच्या अंगावर काही आहे का? त्या म्हणाल्या दूध उतू जातंय. काकूंच्या घरी दुपारी तीनला दूध कधी तापत नाही, मला माहीत आहे.

तुम्ही आठ तारखेला संध्याकाळी विचारलंत. पत्र पोचायला चार दिवस लागतात, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? काकूंच्या हातात फोन होता. तुम्ही मला उत्तर द्यायला वेळच ठेवला नाहीत.

लगेच लिहा. आणि त्याला बाकी जनावरांपासून लांब बांधा. आज. धूर करा, माश्या-गोचीड बसू देऊ नका.

सन्मती

*

खोतवस्ती,
२० जुलै २०२५

सन्मती,

तू रागावलीस ते बरं केलंस. फौजेत खोटा रिपोर्ट दिला तर कोर्ट मार्शल होतं. माझं व्हायला हवं.

गाठी चित्र्याच्या. खांदे मळताना बोटांना लागल्या. पहिली लागली तेव्हा वाटलं, गोचीड चावली असेल. मग दुसरी, मग तिसरी. मी हात थांबवला नाही. शालू समोर दिवा धरून बसली होती, तिला माझ्या तोंडावरून कळलं. तिनं दिवा खाली ठेवला आणि वहीत लिहिलं, 'आवं, ऱ्हाऊ द्या उद्या.' मी ते वाचून पान उलटलं. रात्रभर विचार केला की आजोबा, बाप, मी, एवढ्या वर्षांत आमच्या दावणीचा बैल वेशीपुढे गेला नाही असं कधी झालं नाही. आणि मनात दुसरंही होतं, ते तुला सांगतो. तुझं औषध आहे, ही खात्री होती. चार दिवस झाकलं तर बिघडत नाही, मग पोरगी बाटली पाठवेल, गाठी बसतील, कुणाला कळणार पण नाही.

सकाळी झूल चढवली. तिनं वशिंड, खांदा, पाठ सगळं झाकलं. मानेवर गोंड्यांची माळ दुहेरी बांधली. चित्र्या चालला, सन्मती. अंगात ताप असून एकेक घर चालला. सगळ्या बायकांनी ओवाळलं, त्याच्या तोंडाला हात लावले. मनुबाईच्या दारात तिची गाय बांधली होती, सहा महिन्यांची गाभण. मनुबाईनं आधी चित्र्याला पुरणाचा घास दिला, मग उरलेला त्याच हातानं आपल्या गायीला भरवला. मानाच्या बैलाचा उष्टा घास गाभण गायीला दिला की वासरू धड होतं, असं आमच्याकडे मानतात. चित्र्या आणि ती एकमेकांना हुंगत होते. मी दोरी हातात धरून बघत होतो. मला ओढून नेता आलं असतं. मी नेलं नाही, कारण तिनं अजून चित्र्याला कुंकू लावलं नव्हतं.

मनुबाईच्या गायीला लस द्यायला डॉक्टर आले तेव्हा मनुबाई घरी नव्हती, लस राहिली. नंतर तिनं मला विचारलं होतं, देऊ का. मी म्हटलं, होऊ दे बेंदूर, आपण दोघं बरोबरच देऊ.

आता चित्र्याच्या सर्वांगाला गाठी आल्यात. पुढचे दोन्ही पाय सुजलेत, बसला तर उठता येत नाही. नाकातोंडातून पाणी जातं. झूल परसात पेटवून दिली. लोकांना सांगितलंय की कुठूनतरी साथ आली. कालपासून मनुबाईच्या गायीला ताप आहे. ती सारखी दारात येऊन उभी राहते आणि हातानं बाटलीची खूण करते.

मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. बाटली पाठव. दोन मिळाल्या तर एक चित्र्याला, एक मनुबाईच्या गायीला. एकच मिळाली तर मनुबाईच्या गायीला. तुझं ते भेटीत सांगायचं काम नंतर सांग, आधी बाटली.

नाथाजी

*

खंडाळा,
२४ जुलै २०२५

तात्या,

बाटली नाही. कधीच नव्हती. हे वाक्य मला १ जूनलाच लिहायचं होतं, असं म्हणण्याचंही तोंड मला उरलेलं नाही.

तुम्हाला मी अर्धंच सांगितलं होतं. त्या दिवशी इंटरफेरॉन दिलेल्या दोन बशा होत्या. पहिलीत इंटरफेरॉन आधी दिलं आणि एका दिवसानं विषाणू सोडला. तीच जांभळी बशी. दुसरीत विषाणू आधी सोडला आणि सहाच तासांनी इंटरफेरॉन दिलं. ती बशी खालच्या फळीवर होती. तिच्यात भोकंच भोकं होती, काही न दिलेल्या बशीइतकी. सहा तास, तात्या. गाठी हाताला लागेपर्यंत जनावराच्या अंगात विषाणू आठ-दहा दिवस फिरलेला असतो. ती दुसरी बशी तुम्हाला लिहायची मला लाज वाटली. अप्पांच्या दोस्ताला चांगली बातमी द्यायची होती. तुम्ही 'औषध' म्हणालात तेव्हा मी 'एवढ्यात म्हणू नका' असं लिहिलं. 'नाही' असं लिहायला हवं होतं. त्या 'एवढ्यात'वर विसंबून तुम्ही झूल घातलीत. दोष माझाही आहे आणि तो तुमच्यापेक्षा लहान नाही.

आणि बशीतलं खरं ठरलं तरी ते एवढ्या मोठ्या जनावराला परत परत टोचावं लागेल, त्यानं ताप येतो, दोन दिवसांत असर जातो. शिवाय द्यायचं आधी. आधी म्हणजे कधी, हे कुणी सांगायचं? मॅडमना मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरांना बोलवा, ताप उतरवा, जखमांत अळ्या पडू देऊ नका, पाणी पाजत राहा. एवढंच आपल्या हातात आहे.

माझ्या सगळ्या शिक्षणातली एकच गोष्ट आता तुमच्या कामाची आहे. पहिली पेशी वाचत नाही, पण ती कळवते. तुम्ही कळवलं नाहीत. अजून कळवा. ज्या वस्त्यांवर लंपी गेलेला नाही तिथे जाऊन सांगा, लस घेतली नसेल तर आज घ्या म्हणावं. कुठून आला तेही सांगा. 'कुठूनतरी' म्हणू नका. लोक काय म्हणतील ते म्हणोत.

आणि मनुबाईंना सांगा की औषध नाही. ते तुम्ही सांगायचं. मला पत्रातून सांगता येत नाही, त्यांना वाचता येत नाही.

सन्मती

*

खोतवस्ती,
१७ ऑगस्ट २०२५

सन्मती बाळ,

बरेच दिवस लिहिलं नाही. तू दोनदा फोन केलास, शालू काही बोलली नाही, तिला दोष देऊ नकोस.

चित्र्या २९ जुलैला गेला. सकाळी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर गार. ओढ्याच्या काठाला खोल खड्डा घेतला, चुना आणि मीठ घातलं. वस्तीवर तोपर्यंत चौदा जनावरं आजारी होती. आता किती ते मी विचारत नाही. डॉक्टर रोज येतात, उरलेल्यांना लस झाली.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी उठलो. म्हटलं, ऑर्डर आलीय. पायी निघालो आणि तीन वस्त्या फिरलो. प्रत्येक दारात उभा राहून सांगितलं, 'माझ्या बैलाला लंपी होता. मला माहीत होतं. झुलीखाली झाकून मी त्याला फिरवला. तुमच्याकडे आला नसेल तर आज लस घ्या.' माझा आवाज चढतो, म्हणजे सगळ्या वाटेला ऐकू गेलं असणार. लोक काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. एक जण माझ्यासमोर थुंकला, तेवढं दिसलं.

शेवटी ओढ्यापलीकडे अर्जुनाच्या वस्तीवर गेलो. त्याच्या गोठ्यात गाय नव्हती. मी माझं भाषण सुरू केलं तर त्यानं माझा हात धरून मला खाली बसवलं आणि खिशातली वही काढून घेतली. त्यानं लिहिलेलं पान फाडून सोबत पाठवतो आहे, म्हणजे मी काही वाढवून सांगतोय असं वाटायला नको. तरी इथे उतरवतो :

'तात्या, आमच्याकडं तुमच्या आधीच आलता. गाय तुमच्याकडं आनली तवाच तिच्या कासंवर दोन गाठी हुत्या. मला ठावं हुतं. घरी आल्यावर रोज म्हनायचो जाऊन सांगावं. पर बेंदूर तोंडावर हुता. तुमचा मान हुता. मी सांगितलं असतं तर तुमी बैल काढला नसता, आन् माझ्यामुळं तुमचा मान गेला असं झालं असतं. मग कसं सांगू? गाय पाच जुलैला गेली. मी रातच्यालाच पुरली. कुनाला कळू दिलं न्हाई.'

मी दोनदा वाचलं. तो माझ्या पायाशी वाकून रडत होता, त्याची पाठ हलत होती. मला राग आला नाही. मी काय म्हणून रागावू? माझा मान राखायला तो गप्प बसला, आणि मान राखायलाच मीही गप्प बसलो. तुझे ते खोटे कान आठवले. तुझ्या विषाणूला ते बनवावे तरी लागतात. आमच्याकडे ते आजोबाच्या वेळेपासून तयार आहेत.

बाळ, तू सगळ्यांना सांगा म्हणालीस. मी सगळ्यांना सांगितलं, एका घराला सोडून. मनुबाईच्या दारावरून मी चारदा पुढे गेलो. तिची गाय अजून उभी होती. वाटायचं, ही वाचली तर सांगायची गरज नाही. डॉक्टरांनी सलाइन लावलं, जखमा धुतल्या, मनुबाई रात्रंदिवस धूर करून बसायची. मी रोज जाऊन गायीचं पाणी भरत होतो, आणि ती मला हात जोडायची. तिला वाटत होतं, तात्या किती करतात. पाच ऑगस्टला गायीनं वासरू टाकलं. अकराला गाय गेली.

आम्ही तिला चित्र्याच्या शेजारी पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मनुबाई रिकामा गोठा झाडत होती. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी शालूला बरोबर घेऊन मी तिच्या दारात गेलो. टोपी काढून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. खांदेमळणीला गाठी लागल्या ते, झूल घातली ते, तिनं घास भरवताना मी दोरी धरून बघत राहिलो ते. औषध नव्हतं तेही. तिनं खराटा खाली ठेवला नाही.

मग ती बोलायला लागली. खूप वेळ बोलली. हळू बोलत होती, ओरडत नव्हती, एवढं तोंडावरून कळलं. मध्ये एकदा तिनं गोठ्याकडे बोट केलं, एकदा माझ्याकडे, एकदा वर. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. शालू माझ्या शेजारी उभी होती, ती मात्र पदर तोंडात धरून रडत होती. मला शिव्या होत्या, शाप होता, की सोडून दिलं म्हणाली, मला काही कळेना. एवढ्या वर्षांत मला माझ्या कानांचं कधी वाईट वाटलं नाही, त्या दिवशी वाटलं. मनुबाईला लिहिता येत नाही. ती बोलून संपली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

मी वही आणि पेन शालूपुढे धरलं. म्हटलं, काय म्हणाली ते लिही. जसंच्या तसं लिही, मला चालेल. तिनं वही घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मग वही मिटून तिनं माझ्या खिशात परत ठेवली. घरी आल्यावर परत मागितलं, तिनं नाही म्हणून मान हलवली. आजही मागितलं.

अर्जुनाचं पान सोबत आहे. त्याच्या पुढचं पान कोरं आहे, ते मी फाडलेलं नाही.

तुझा तात्या,
नाथाजी